पेटीखालची खूण

“हात राखू नकोस, इठे,” आबा म्हणाले. “तुला येतंय तेवढं सगळं ह्या बंदुकीवर काढ.”

आणि त्यांनी पोलादाची पेटी माझ्या पाटावर ठेवली. एकबारी रायफलीचा सगळा जीव त्या पेटीत असतो. खालचा खटका ओढला की आतला ठोकळा खाली सरकतो, एक काडतूस आत जातं, खटका मिटला की ठोकळा वर येऊन काडतुसामागचं दार बंद करतो. नळी तेवढी विलायतेहून यायची. बाकी सगळं, पेटी, ठोकळा, खटका, शिसवी दस्ता, आमच्या पडवीत घडायचं. आंबोलीच्या अलीकडच्या आमच्या गावात आम्हाला बंदूकवालेच म्हणत. देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. संस्थानचा अंमल होता, बंदुका करायचा परवाना दरबारातून मिळायचा आणि तो आबांच्या नावाने होता. नावानेच म्हणायचं, कारण आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि आधीच्या तीन बंदुकांचं बहुतेक काम त्यांच्या हाताखाली मीच केलं होतं. मी सतरा वर्षांची होते.

“गिऱ्हाईक कोण?” मी विचारलं.

“हाय एक. शेजारच्या संस्थानात शिलेखान्याचा कारभारी हाय. हत्यारं बघण्यात जल्म गेलाय त्याचा.”

“त्याचं नाव कुठं कोरायचं?”

“नाव मागनं बघू. दस्त्यावर चांदीची टिकली बसवू, तिच्यावर.”

“आणि खूण?”

आबांनी पेटी उचलली, उलटी करून तिच्या तळावर अंगठा फिरवला, परत ठेवली.

“खूण ह्या टायमाला तुझी,” ते म्हणाले.

आमच्या घरात खूण म्हणजे काय, ते सांगायला हवं. पेटीच्या तळाशी, चापाच्या कडीखाली झाकली जाईल अशी, करणाऱ्याची खूण कोरायची. आजोबांची चंद्रकोर होती, आबांची कुऱ्हाड. माझा थोरला भाऊ नरहरी, त्याचा बाण होता. त्याने बंदूक अशी अजून केली नव्हती, पण मुलगा म्हणून खूण बारशालाच ठरली होती. आणि ज्याची खूण, त्याने पहिला बार स्वतःच्या खांद्यावरून, स्वतःचा गाल दस्त्याला लावून काढायचा, गिऱ्हाइकाच्या देखत. त्याशिवाय बंदूक उंबऱ्याबाहेर जात नसे. आजोबांच्या वेळी एका कामगाराने दुसऱ्याच्या कामावर आपली खूण कोरली, तर आजोबांनी ती तयार बंदूक ऐरणीवर ठेवून घणाने चेपली होती. आबा ही गोष्ट वर्षातून चारदा तरी सांगायचे आणि सांगताना ताठ बसायचे.

मी माझी खूण कधीच ठरवून ठेवली होती. पडवीच्या वाशाला कुंभारमाशी मातीची घरं करायची. दिवसभर एवढीशी माती आणून लिंपायची, कुणाकडे बघायची नाही. ती माशी मी पाटीवर शंभरदा काढली होती.

तीन महिने मी त्या पेटीवर बसले. पोलाद मऊ असतं तोवरच कोरता येतं. राळेत बसवायचं, कोरणी धरायची आणि लहान हातोडीने टकटक करत रेघ पुढे न्यायची. एका बाजूला मी धनेश काढला, उंबराच्या फांदीवर बसलेला, चोचीत एक फळ. दुसऱ्या बाजूला कारवीत उभं राहिलेलं भेकर, मान वळवून मागे बघणारं. वाघ काढ म्हणणारे पुष्कळ असतात. वाघ काढणं सोपं, पट्टे मारले की झालं. धनेशाच्या पंखाची नुसती कड करायला मला नऊ दिवस लागले.

नरहरी मधूनमधून मागे येऊन उभा राहायचा. तो वाईट नव्हता. दरबारात खेटे घालणं, नळी सोडवून आणणं, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं, हे त्याला छान जमायचं. भट्टीपाशी मात्र तो दोन हात लांब असायचा. तो सहा वर्षांचा असताना आमच्या चुलत्याच्या तोंडावर एक पेटी फुटली होती. तिला पाणी चुकीचं बसलं होतं, म्हणजे तापवून पाण्यात बुडवतानाचा अंदाज चुकला होता. काकांचा अर्धा गाल गेला, पुढे वीस वर्षं ते उपरण्याने तोंड झाकून जेवत. नरहरी तेव्हा त्यांच्या शेजारीच उभा होता.

“इठे, हे तू कुठनं शिकलीस गं?” तो विचारायचा.

“तू दरबारात पानं खात होतास तवा,” मी म्हणायची, आणि तो हसून जायचा.

त्याच दिवसांत आई रोज संध्याकाळी लिंबाची फोड घेऊन माझी काळी पडलेली बोटं घासायला लागली. एकदा कुणी लांबची मावशी आली, तिने मला चालायला लावलं, दात बघितले, हात उलटेसुलटे केले आणि आईशी कुजबुजत बसली. घरात वाढत्या वयाची मुलगी असली की असल्या मावश्या येतातच. मी उठून पाटावर गेले. डोक्यात धनेशाचा डोळा होता, दुसरं काही शिरत नव्हतं.

कोरणं संपलं तेव्हा आबांनी पेटी एक दिवस मागून घेतली. “तळ माझ्याकडं दे. पयली खूण वस्तादानं काढून द्यायची असती,” म्हणाले. असा काही रिवाज मी ऐकला नव्हता, पण मला ते आवडलं. दिसत नसताना ते माझी माशी कशी काढणार याचीच मला काळजी. मी पाटी त्यांच्या हातात दिली, रेघा चांगल्या ठसठशीत काढून.

दुसऱ्या दिवशी पेटी आली ती चामड्याच्या पट्ट्यांत गुंडाळून, वरून तार आवळून. पाणी द्यायच्या आधी तशी गुंडाळतातच. उघडून बघावं असं मनात आलं. पण आबांनी बांधलेलं होतं. मी ती तशीच लोखंडी डब्यात ठेवली, चारी बाजूंनी हाडांचा कोळसा भरला, झाकण मातीने लिंपलं आणि डबा भट्टीत घातला. हे काम चुकण्यासारखं असतं. कमी तापलं तर वरचं कवच धरत नाही, जास्त झालं तर पोलाद काचेसारखं होतं आणि पहिल्या बाराला तडकतं. मोजायला घड्याळ नाही, फक्त डब्याचा रंग बघायचा. मी पाच तास हलले नाही. मग डबा उचलून पाण्याच्या हौदात पालथा केला.

पाणी शांत झाल्यावर पेटी बाहेर काढली. मोराच्या पिसातले सगळे रंग तिच्यावर आले होते, धनेशाची रेघ न् रेघ जिवंत. मी कानशीचं टोक तळाच्या कडेवर टेकवून ओढलं. कानस घसरली. कवच धरलं होतं. त्या कवचावर आता कुठल्याही कोरणीची मात्रा चालणार नव्हती. मग मी तळ पुसला.

तिथे बाण होता.

मी पुन्हा पुसला. नरहरीचा बाण, आबांनी चाचपत काढलेला, जरा वाकडा. मी पेटी घेऊन माजघरात गेले. आबा पान लावत बसले होते.

“हे काय?”

त्यांनी विचारलंही नाही, काय म्हणून. “बस,” म्हणाले.

“बसत न्हाई. हे काय ते सांगा.”

“तुझं लगीन ठरलंय. आपलं गिऱ्हाईक, त्या हैबतरावांच्या मुलाशी. ती मावशी आलती न्हवं, ती त्यांची भण. मोठी माणसं हायत, हुंडा नको म्हणाली. हौस म्हणून एक बंदूक द्या, एवढंच मागितलं.”

तीन महिने माझ्या पाटावर जी बंदूक होती, ती मला ह्या घरातून घालवण्यासाठी होती. मीच ती घडवली होती, हात न राखता. मला त्या वेळी रडू आलं नाही. कानात भट्टीचा भाता चालल्यासारखा आवाज यायला लागला.

“मग खूण?”

“अगं, त्यांच्या घरात सून भट्टीम्होरं बसलेली चालायची न्हाई. बाईच्या हातची बंदूक म्हटल्यावर शिलेखान्यात हसं हुईल त्यांचं. आणि परवाना उद्या नरहरीच्या नावावर करायचा, तर दरबाराला त्याच्या खुणेची एक तरी बंदूक दाखवाय पायजे. खूण घिऊन तू काय करणार? सासरी चुलीवर कोरणार?”

“मला सांगितलं का न्हाई?”

“सांगितलं असतं, तर असा धनेश काढला असतास?”

आयुष्यात मला पुष्कळ राग आले आणि गेले. हे वाक्य मात्र आज पन्नास वर्षांनीही आठवलं की माझी दाढ आवळते. कारण त्यांचं बरोबर होतं. नसता काढला.

आई दारात उभी होती, हातात लिंबाची फोड. मी तिच्याकडे पाहिलं, तिने फोडीकडे पाहिलं. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

“पेटी पुन्हा तापवून मऊ करते आणि तो बाण खरवडून टाकते,” मी म्हणाले.

“कर की,” आबा म्हणाले. “पुन्हा लाल केलीस तर सगळी नक्षी जळून जाईल. कर.”

ते मला पुरतं ओळखून होते. मी नाही केलं.

आठ दिवसांनी साखरपुडा होता. हैबतराव आले, दोन बैलगाड्या भरून माणसं घेऊन. लाल फेटा, पांढऱ्या मिशा, भारदस्त माणूस. त्यांचा मुलगा मागे उभा होता, तो दिवसभरात एकदाच बोलला, “बंदूक छान आहे.” माझ्याकडे बघून नव्हे, बंदुकीकडे बघून. हैबतरावांनी ती पंधरा मिनिटं हातात फिरवली. धनेशावर नख फिरवलं, ठोकळा वरखाली केला, चापाची कडी सोडवून तळही पाहिला.

“नरहरी, पोरा, तुझ्या हातात देव हाय,” ते म्हणाले. “आम्ही चाळीस वर्सं विलायती बघतोय. हे काम त्यांच्याकडंबी मिळायचं न्हाई.”

नरहरीने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

“चला,” हैबतराव म्हणाले, “पयला बार होऊ दे. मग साखर वाटू.”

सगळे परड्यात गेले. ऐंशी पावलांवर ओढ्याच्या दरडीला एक कौल उभं केलं होतं. मी हिरव्या साडीत, लिंबाने पांढऱ्या केलेल्या बोटांत हळदकुंकवाचं ताट धरून बंदुकीची पूजा करायला उभी. पूजा केली, बाजूला झाले. नरहरीने काडतूस घातलं, खटका मिटला, दस्ता खांद्याला लावला. गाल लावला नाही.

तो माझ्यापासून दोन हातांवर होता. तोंड न वळवता हळूच म्हणाला, “इठे, पाणी नीट बसलंय न्हवं?”

पाणी नीट बसलं होतं. तेवढं चांगलं पाणी मी त्याआधी दिलं नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. तीन महिन्यांत एकदा तो त्या डब्यापाशी बसला असता, तर त्याला विचारावंच लागलं नसतं. मी कौलाकडे बघत राहिले.

“इठे,” तो पुन्हा म्हणाला. त्याच्या कानामागून घाम ओघळत होता. “सांग की गं. डबा किती येळ ठेवलातास?”

मला त्याची दया येत नव्हती असं नाही. पण ती दया माझी मी गिळली. काकांचं उपरणं त्याच्या डोळ्यांपुढे असणार, हे मला कळत होतं, आणि ते कळत असूनही मी गप्प राहिले.

“काय झालं?” मागून हैबतराव म्हणाले. माणूस अनुभवी होता. “कारागीर आपल्याच बंदुकीला गाल लावाय भितोय?”

“न्हाई, ऊन जरा डोळ्यावर येतंय,” आबा म्हणाले. “आणा, मी काढतो बार.”

“तुमची खूण न्हाई त्यावर, वस्ताद. ज्याची खूण त्याचा बार. आमच्याकडंबी तोच रिवाज हाय.”

नरहरीने बंदूक खाली घेतली. तो आबांकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आबा, ही मी न्हाई केली. मला ठाव न्हाई ही कशी हाय.”

आबांनी त्याच्या थोबाडीत मारली.

“मग कुणी केली?” हैबतरावांनी विचारलं.

आबा सांगेनात, नरहरी गाल धरून उभा, आई पदर तोंडात धरून. मी ताट जमिनीवर ठेवलं, नरहरीच्या हातातून बंदूक घेतली आणि दस्त्याला गाल लावला. दस्त्याचं माप हैबतरावांच्या मुलाचं होतं, मला लांब होत होतं. मी नळीच्या टोकावरची नेमाची माशी कौलावर धरली आणि चाप ओढला. कौल फुटलं. खटका खाली ओढला तशी रिकामी पुंगळी उडून माझ्या पायाशी पडली.

हैबतरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग हसले. “वस्ताद, असं हाय तर. बंदुकीला तोड न्हाई. बंदूक आम्ही घिऊन जातो. पोरीचं काय ते इचार करून कळवतो.”

आणि आबांनी हात पुढे केला. माझ्याकडून बंदूक घेऊन त्यांना द्यायला. मी आजही शपथेवर सांगेन, त्यांनी हात पुढे केला.

“आबा,” मी म्हणाले, “ह्या पेटीवर खोटी खूण हाय. खोट्या खुणेची बंदूक ह्या घरातनं कधी भाईर गेलीय? आज्यानं काय केलतं, ते सांगा पावण्यांना. वर्सातनं चारदा सांगता, आज एकदा सांगा.”

त्यांचा हात तसाच राहिला. मग ते वळले आणि पडवीत गेले. मला वाटलं, घण आणणार. ते कानस घेऊन आले. परड्यातल्या दगडावर बसून त्यांनी बंदूक मांडीवर उलटी धरली, चापाची कडी सोडवली आणि बाणावर कानस ओढली. कानस घसरली. पुन्हा ओढली. ती किंचाळत घसरत होती आणि पोलादावर साधा ओरखडा उठत नव्हता. आबा ओढत राहिले. त्यांच्या बोटाची साल निघाली, कानशीच्या दात्यांवर रक्त लागलं. बाण होता तसा होता.

हैबतराव वाकून बघत होते.

“पाणी कुणी दिलं?” त्यांनी विचारलं.

“मी,” मी म्हणाले.

“लई चांगलं दिलंयस,” ते म्हणाले आणि गाड्या जुंपायला सांगून निघून गेले. त्यांचा मुलगा जाताना एकदा मागे वळून बंदुकीकडे बघून गेला.

त्यानंतर मी नऊ बंदुका केल्या. नऊंवर कुंभारमाशी आहे. ती कोरू का, असं मी आबांना विचारलं नाही आणि त्यांनीही काही म्हटलं नाही. परवाना नरहरीच्याच नावावर झाला, पण दरबारात माझी बंदूक दाखवताना तो मोठ्याने सांगायचा, बहिणीनं केलीय म्हणून. त्याला मी केव्हाच माफ केलं. लग्नही पुढे झालं, माझ्या अटीवर, भट्टी असलेल्या घरात. धनेशाची बंदूक मात्र कुणाला दिली नाही. ती आबांच्या माजघरातच खुंटीवर राहिली, चांदीची टिकली कोरीच.

अकरा वर्षांनी आबा अंथरुणाला खिळले, तेव्हा मी माहेरी होते. तोवर त्यांची नजर पार गेली होती. एका दुपारी म्हणाले, “ती दे.” मी बंदूक खुंटीवरून काढून त्यांच्या छातीवर ठेवली. त्यांनी अंगठा धनेशावरून फिरवला, चोचीपासून शेपटीपर्यंत, सावकाश. मग बंदूक उलटी केली. कडी त्या दिवसापासून परत बसवलीच नव्हती.

“अजून हाय?” त्यांनी विचारलं.

“हाय.”

“कानस दे.”

मी पडवीतून कानस आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चाचपून जागा शोधली आणि पडल्यापडल्या घासायला लागले. अंगात त्राण नव्हतं, दोन ओढींमागे दम लागत होता. कानस घसरायची, ते पुन्हा टेकवायचे. आई दारातून मला खुणा करत होती, घे ते काढून, घे.

मी उशाशी बसून होते. त्यांना थांबा म्हटलं नाही.